मनगटावर पाच मिनिटं : पट्टीतून दिली जाणारी लस

गोवर-रुबेलाच्या लशीची कुपी बऱ्याच ठिकाणी दहा डोसांची असते. आत कोरडी पावडर असते. ती सोबत आलेल्या द्रावकात विरघळवावी लागते आणि एकदा विरघळवली की सहा तासांत संपवावी लागते. उरलेली फेकून द्यायची. आता समजा, लसीकरणाला तीनच बाळं आली. कुपी फोडली तर सात डोस वाया जाणार, नाही फोडली तर तीन बाळं तशीच घरी जाणार. अशा वेळी एका बाळासाठीही कुपी फोडावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण वाया गेलेल्या डोसांचा हिशेब ज्याला द्यायचा असतो त्याचा हात आखडतो. मग ‘पुढच्या वेळी या’ असं सांगितलं जातं आणि त्यातली काही बाळं पुढच्या वेळी येतच नाहीत.

त्वचेवर चिकटवायच्या लशीची बातमी आली की मथळा ठरलेला असतो : आता बाळ रडणार नाही. न रडलं तर चांगलंच आहे. पण माझ्या मते या पट्टीची खरी किंमत कळायची असेल तर रडणं क्षणभर बाजूला ठेवून त्या दहा डोसांच्या कुपीकडे बघायला हवं. एक पट्टी म्हणजे एका बाळाचा एक डोस. तिथे विरघळवणं नाही, मोजून सिरिंजमध्ये ओढणं नाही, उरलेलं फेकणं नाही.

पट्टीत असतं काय

बातम्यांत तिला ‘सुईविना लस’ म्हणतात. प्रत्यक्षात तिच्यात सुया असतात, आणि एक नाही तर डझनावारी, कधी शेकड्यांनी. फक्त त्या मिलिमीटरपेक्षाही आखूड असतात. अमेरिकेत फ्लूच्या लशीसाठी तपासलेल्या एका पट्टीवर अशा १०० सूक्ष्मसुया होत्या. बोटाने चाचपलं तर पृष्ठभाग मांजराच्या जिभेसारखा खरखरीत लागेल, इतकंच.

या सुया धातूच्या नसतात. साखर आणि पाण्यात विरघळणारं पॉलिमर यांच्या मिश्रणात लस मिसळून, ते वाळवून त्या घडवलेल्या असतात. म्हणजे लस सुईतून वाहत जात नाही, सुईच लशीची बनलेली असते. पट्टी त्वचेवर दाबली की टोकं वरच्या थरात शिरतात, तिथल्या ओलाव्याने काही मिनिटांत विरघळतात आणि लस तिथेच राहते. पट्टी काढली की हातात उरतो तो बोथट झालेला पाठीचा भाग. तो कुणाला टोचत नाही आणि पुन्हा वापरताही येत नाही.

दुसऱ्या प्रकारच्या पट्टीत सुया न विरघळणाऱ्या प्लास्टिकच्या असतात आणि लशीचा पातळ लेप त्यांच्या टोकांवर चढवलेला असतो. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनची वॅक्सास ही कंपनी अशा पट्टीवर काम करते. तिच्या सुया आणखी आखूड आणि खूप दाट बसवलेल्या असतात. पट्टी एका छोट्या यंत्राने झटक्यात त्वचेवर बसवली जाते आणि काही सेकंदांत काढता येते.

दुखत का नाही, याचं उत्तर खोलीत आहे. नेहमीच्या इंजेक्शनची सुई त्वचा पार करून खालच्या चरबीत किंवा स्नायूत जाते. वाटेत तिला वेदना जाणवणाऱ्या नसांची टोकं आणि रक्तवाहिन्या भेटतात. सूक्ष्मसुई त्या मानाने वरच्या वर थांबते. अगदीच काही जाणवत नाही असं नाही, पण ते दुखण्यापेक्षा टोचल्यासारखं किंवा दाबल्यासारखं असतं.

त्वचेलाच का निवडलं

त्वचेचा सगळ्यात वरचा थर मृत पेशींचा असतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास. एवढासा थर, पण लशीचे मोठे रेणू किंवा विषाणू नुसते वर चोळून त्यातून आत जात नाहीत. म्हणूनच लशीचं मलम निघू शकलं नाही. सूक्ष्मसुईचं मुख्य काम हा थर ओलांडणं.

तो ओलांडला की लगेच शरीराचे पहारेकरी भेटतात. पॉल लँगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने १८६८ साली त्वचेत फांद्या फुटलेल्या पेशी पाहिल्या. त्याला त्या चेतापेशी, म्हणजे नसांच्या पेशी वाटल्या होत्या. पुढे कळलं की त्या रोगप्रतिकार यंत्रणेच्या पेशी आहेत. बाहेरून आलेली वस्तू पकडायची, तिचे तुकडे करायचे आणि जवळच्या लसिकाग्रंथीत नेऊन तिथल्या पेशींना दाखवायचे, हे त्यांचं काम. त्याखालच्या थरातही अशाच कामाच्या पेशी भरपूर असतात. चरबीत आणि स्नायूत त्या विरळ. जंतू शरीरात शिरतात त्या वाटांपैकी त्वचा ही एक मोठी वाट, तेव्हा पहारा तिथे जास्त असावा यात नवल नाही.

त्वचेतून लस देणं हा शोधही नवा नाही. देवीची लस पहिल्यापासून त्वचेतच दिली जायची. १९६०च्या दशकात बेंजामिन रुबिन यांनी दोन टोकांची एक साधी सुई तयार केली. तिच्या बेचक्यात लशीचा थेंब अडकायचा आणि दंडावर एकाच जागी भराभर पंधरा वेळा टोचलं की काम झालं. त्याआधीच्या पद्धतींपेक्षा लस खूपच कमी लागायची आणि कुणालाही थोड्या वेळात शिकवता यायचं. १९८० साली जग देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं, त्यात या सुईचा वाटा मोठा होता. क्षयाची बीसीजी लस आजही त्वचेतच दिली जाते. पोलिओच्या इंजेक्शनचंही तसंच : स्नायूत अर्धा मिलिलिटर लागतो, तर त्वचेत त्याच्या पाचव्या हिश्शाचे दोन डोस देऊनही चांगलं संरक्षण मिळतं.

मग सगळ्याच लशी त्वचेत का देत नाहीत? कारण ते कौशल्याचं काम आहे. सुई जवळजवळ आडवी धरून, नेमकी त्वचेच्या जाडीत थांबवून, वर छोटा फुगवटा येईल असं द्रव सोडावं लागतं. हात जरा खाली गेला की लस चरबीत. त्यात बाळ हातपाय झाडत असतं. पट्टीमध्ये खोली कारखान्यातच ठरलेली असते. सुई जितकी लांब तितकीच आत जाणार.

कल्पना जुनी, पट्टी नवी

सूक्ष्मसुयांच्या पट्टीचं पेटंट अमेरिकेत १९७६ सालीच मिळालं होतं. पण एवढ्या बारीक सुया घडवायच्या कशा, हे तेव्हा कुणालाच जमत नव्हतं. संगणकाच्या चिप बनवण्याचं तंत्र पुढे गेलं आणि मग १९९८ साली अटलांटाच्या जॉर्जिया टेक संस्थेतल्या मार्क प्राउस्निट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिलिकॉनच्या सूक्ष्मसुया करून दाखवल्या. विरघळणाऱ्या सुया त्यानंतरच्या.

२०१७ साली फ्लूच्या पट्टीची माणसांवरची पहिली मोठी परीक्षा प्रसिद्ध झाली. शंभर प्रौढ स्वयंसेवक होते. काहींनी थोडक्या सूचनांवर पट्टी स्वतःच्या मनगटावर स्वतःच लावली. त्यांच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडं (जंतूंशी लढणारी प्रथिनं) इंजेक्शन घेतलेल्यांच्या तोडीची होती. ही पट्टी ४० अंश सेल्सिअसला वर्षभर ठेवूनही तिच्यातली लस टिकून होती, आणि बाळांच्या लशींचा विचार करणाऱ्यांना रस होता तो मुख्यतः याच गोष्टीत.

गांबियातली बाळं

मुलांच्या लशीची खरी कसोटी पश्चिम आफ्रिकेतल्या गांबिया या छोट्या देशात झाली. अटलांटाच्या मायक्रॉन बायोमेडिकल कंपनीची विरघळणारी पट्टी आणि तिच्यात सीरम इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाची गोवर-रुबेलाची लस. २०२१-२२मध्ये चाचणी झाली, निष्कर्ष २०२४मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले.

या चाचणीची रचना समजून घेण्यासारखी आहे. आधी ४५ प्रौढांना पट्टी लावली. त्यांना काही अपाय झाला नाही, हे पाहून मग १५ ते १८ महिन्यांची १२० मुलं घेतली. त्यांना गोवराचा पहिला डोस आधीच मिळालेला होता. तेही सुरक्षित गेलं, तेव्हा कुठे ९-१० महिन्यांच्या १२० बाळांकडे वळले. या बाळांना ही लस पूर्वी मिळालेली नव्हती, म्हणून खरं उत्तर त्यांच्याकडूनच मिळणार होतं.

कुणाला काय मिळालं हे पालकांना आणि तपासणाऱ्यांना कळू नये, यासाठी प्रत्येकाला पट्टीही लावली आणि इंजेक्शनही दिलं. दोन्हींपैकी एकातच खरी लस होती. म्हणजे सुई चुकवण्यासाठी बनवलेल्या पट्टीच्या चाचणीत एकाही बाळाची सुई चुकली नाही! पण दोन गटांची तुलना निर्मळ व्हायची तर दुसरा चांगला उपाय नसतो.

पट्टी मनगटाच्या मागच्या बाजूला पाच मिनिटं ठेवली. ४२ दिवसांनी रक्त तपासलं, तेव्हा पट्टीतून लस मिळालेल्या ९३ टक्के बाळांमध्ये गोवराविरुद्धची प्रतिपिंडं तयार झाली होती. इंजेक्शन मिळालेल्यांत हे प्रमाण ९० टक्के होतं. रुबेलासाठी दोन्हीकडे १०० टक्के. पट्टीमुळे गंभीर त्रास कुणालाही झाला नाही. लावलेल्या जागी कातडी थोडी घट्ट होणं किंवा रंग बदलणं हे बऱ्याच मुलांत दिसलं, पण ते सौम्य होतं.

९३ आणि ९० पाहून पट्टी इंजेक्शनहून सरस आहे असं म्हणायचा मोह होईल. तो आवरायला हवा. प्रत्येक गटात साठेक बाळं. इतक्या कमी संख्येत एवढा फरक योगायोगानेही पडतो. या आकड्यांवरून पट्टी इंजेक्शनच्या बरोबरीने काम करताना दिसते, एवढंच म्हणता येतं. आणखी एक मर्यादा आहे. दहा हजारांत एखाद्याला होणारा दुर्मीळ त्रास साठ बाळांत दिसण्याची शक्यता जवळजवळ शून्य. त्यासाठी हजारो मुलांची चाचणी लागते.

मात्र ‘प्रतिपिंडं मोजली, गोवर थांबला का ते कुठे पाहिलं?’ या प्रश्नाला इथे उत्तर आहे. रक्तात किती प्रतिपिंडं असली की गोवर सहसा होत नाही, ती पातळी अनेक वर्षांच्या अभ्यासातून माहीत झालेली आहे. त्यामुळे बाळं आजारी पडतात का, याची वाट पाहत बसावं लागत नाही. प्रत्येक लशीला ही सोय नसते.

गोवरच का

गोवर हा माहीत असलेल्या सगळ्यात संसर्गजन्य रोगांपैकी एक आहे. कुणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर एक रुग्ण साधारण १२ ते १८ जणांना लागण करतो. त्याला रोखायचं तर वस्तीतल्या ९५ टक्के मुलांना लशीचे दोन्ही डोस मिळावे लागतात. जगभरात २०२३ साली पहिला डोस ८३ टक्के मुलांपर्यंत आणि दुसरा जेमतेम ७४ टक्क्यांपर्यंत पोचला. त्या एका वर्षात गोवराने एक लाखाहून अधिक माणसं दगावली असा अंदाज आहे, आणि त्यात बहुतेक पाच वर्षांखालची मुलं. लस तर १९६३पासून आहे. स्वस्त आहे, उत्तम काम करते. अडतं ते शेवटच्या काही मैलांवर.

तिथे लशीबरोबर काय काय न्यावं लागतं ते पाहा : २ ते ८ अंशांत ठेवणारी शीतपेटी, बर्फ, द्रावक, विरघळवायची सिरिंज, प्रत्येक मुलासाठी वेगळी सिरिंज, वापरलेल्या सुया टाकायचा डबा, आणि हे सगळं नीट करणारा प्रशिक्षित माणूस. विरघळवलेली गोवराची लस ३७ अंशांच्या उन्हात राहिली तर तासाभरात जवळजवळ निकामी होते. दिसायला मात्र तशीच दिसते.

चूक झाली तर काय होतं, याची दोन उदाहरणं पुरेशी आहेत. २०१४ साली सीरियाच्या इदलिब भागात द्रावकाच्या जागी भुलीच्या वेळी स्नायू शिथिल करायला देतात ते औषध मिसळलं गेलं आणि १५ मुलं दगावली. २०१७ साली दक्षिण सुदानमधल्या एका मोहिमेत एकच सिरिंज चार दिवस वापरली गेली, लस थंड ठेवली गेली नाही आणि तिथेही १५ मुलं गेली. दोन्ही वेळा लशीत दोष नव्हता. दोष लस तयार करून टोचण्याच्या मधल्या पायऱ्यांत होता. पट्टीत या पायऱ्याच नाहीत. मिसळायलाच काही नसेल तर चुकीचं मिसळणार कसं?

म्हणूनच लस पोचवण्याच्या नव्या साधनांची छाननी ‘गावी’ (गरीब देशांना लशी मिळवून देणारी आंतरराष्ट्रीय संस्था), जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि त्यांच्या सहकारी संस्थांनी केली, तेव्हा २०२०मध्ये सगळ्यात वरचा प्राधान्यक्रम सूक्ष्मसुयांच्या पट्टीला मिळाला.

सुई टाळायचे इतर मार्ग

हे थोडक्यात. पोलिओचे थेंब तोंडातून देतात, फ्लूची एक लस नाकात फवारतात. पण तोंडातून दिलेल्या लशीला जठरातलं आम्ल आणि आतडं पार करावं लागतं आणि ते प्रत्येक लशीला जमत नाही. जोराच्या बारीक धारेने द्रव त्वचेत घुसवणारी यंत्रंही आहेत. कोविडकाळात भारतात मान्यता मिळालेली झायकोव्ह-डी ही डीएनए लस अशाच यंत्राने द्यायची होती. एकाच नळीतून अनेकांना लस देणारी या जातीची जुनी यंत्रं मात्र बाजूला पडली, कारण १९८०च्या दशकात अशा यंत्रातून हिपॅटायटिस बी पसरल्याचं कॅलिफोर्नियात उघड झालं. आता प्रत्येकाला वेगळी नळी वापरतात. पण या यंत्रांनाही द्रवरूप लस लागते, म्हणजे कुपी आणि शीतपेटी आलीच.

मग अडलंय कुठे

पट्टीने अवघड काम नाहीसं केलेलं नाही. तिने ते दूरच्या वस्तीतून उचलून कारखान्यात नेलं आहे.

कुपी भरण्याचं तंत्र शतकभर घोटून झालं आहे. यंत्र मिनिटाला शेकडो कुप्या भरतं आणि प्रत्येकीत दहा डोस. पट्टी बनवायची तर सुयांच्या आकाराचे खड्डे असलेल्या साच्यात लशीचं मिश्रण ओतायचं, ते निर्वातात ओढून किंवा जोरात फिरवून टोकांपर्यंत पोचवायचं, हळूहळू वाळवायचं, मागचा थर घालायचा, साच्यातून न मोडता काढायचं आणि दमट हवा लागणार नाही अशा पाकिटात बंद करायचं. गोवराच्या लशीत जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो. तो या सगळ्यातून जिवंत राहायला हवा. शिवाय सगळं निर्जंतुक वातावरणात करायचं, कारण जिवंत विषाणूची पट्टी शेवटी तापवून किंवा किरणांनी निर्जंतुक करता येत नाही. प्रयोगशाळेत काही शे पट्ट्या करणं आणि वर्षाला कोट्यवधी करणं यांत फार अंतर आहे.

दुसरी अडचण डोस पोचल्याची खात्री. सिरिंज रिकामी झालेली दिसते. त्वचा लवचिक असते, त्यामुळे कमी दाबलं तर ती नुसती खाली जाते आणि सुया वरच राहतात. यावर उपाय म्हणून काही पट्ट्यांमध्ये पुरेसा दाब पडला की ‘टक्’ असा आवाज येण्याची सोय केली आहे. साधी युक्ती, पण मला ती फार आवडली.

तिसरी गोष्ट जागेची. एका पट्टीत मावणारी लस अगदी थोडी असते. गोवरासाठी ती पुरते. पण पाच रोगांवरची जी एकत्र लस बाळांना देतात तिच्यातले सगळे घटक एका पट्टीत कोंबणं कठीण आहे. शिवाय अशा अनेक लशींत परिणाम वाढवण्यासाठी ॲल्युमिनियमचे क्षार असतात. स्नायूत ते चालतात, त्वचेत मात्र गाठी आणि दाह होऊ शकतो. त्यामुळे बाळाच्या सगळ्या सुया पट्टीने जातील, ही आशा निदान आज धरू नये. हिपॅटायटिस बीची जन्मल्यावर २४ तासांत द्यायची लस घरी होणाऱ्या बाळंतपणात हमखास चुकते. तिच्यासाठी पट्टी वरदान ठरेल, आणि ॲल्युमिनियम न वापरता केलेल्या अशा पट्टीचे प्राण्यांवर प्रयोग झाले आहेत.

एक गंमतशीर कोडंही आहे. दहा डोसांची कुपी अंगठ्याएवढी. दहा पट्ट्या, त्यांची आवरणं आणि पाकिटं मिळून तिच्या कितीतरी पट जागा घेतात. पट्टी उन्हात टिकणारी निघाली तर ही अडचण राहत नाही. पण ती शीतपेटीतच ठेवावी लागली तर पेटीत आजच्यापेक्षा कमी डोस मावतील आणि शेवटच्या टप्प्यातला फायदा बराचसा तिथेच संपेल. म्हणून उष्णतेत किती दिवस टिकते, या एका आकड्यावर पुष्कळ काही अवलंबून आहे.

आणि पैसा. गोवराची लस इतकी स्वस्त आहे की कोणतीही पट्टी तिच्याशेजारी महाग दिसणार. वाया जाणारे डोस, सिरिंजा, बर्फ, प्रशिक्षण हे सगळं हिशेबात धरलं तर चित्र बदलू शकतं. पण लस विकत घेणारं खातं आणि बर्फाचा खर्च करणारं खातं बऱ्याचदा वेगळं असतं. कंपनी म्हणते, मोठी मागणी नक्की करा, मग मोठा कारखाना उभारतो. खरेदी करणाऱ्या संस्था म्हणतात, आधी मान्यता आणि किंमत दाखवा. ही लस लागते मुख्यतः गरीब देशांना, त्यामुळे नफ्याच्या आशेने कुणी आपणहून धावत येत नाही. गोवर पट्टीचं काम आजवर पुढे सरकलं ते बरंचसं गेट्स फाउंडेशनसारख्या देणगीदारांच्या पैशावर.

घरात लहान बाळ असेल तर हे वाचून गोवराचा डोस लांबवू नका. अशी पट्टी अजून कोणत्याही देशाच्या नियमित लसीकरणात आलेली नाही आणि गोवर तिच्यासाठी थांबणार नाही. पट्टीची पुढची बातमी येईल तेव्हा बाळ रडलं की नाही हे मथळ्यात असेलच. त्याखाली तीन गोष्टी शोधा : चाचणीत मुलं किती हजार होती, पट्टी किती अंशांना किती दिवस टिकली, आणि तपासलेल्या पट्ट्या प्रयोगशाळेत हाताने केलेल्या होत्या की पुढे कोट्यवधी पट्ट्या जिथून निघणार त्याच यंत्रावरून उतरलेल्या.